शके 947 : दोन स्वाऱ्या आणि एक समुद्रमार्ग

शके 947 म्हणजे इ. स. 1025-26 या काळात भारताच्या इतिहासातील दोन मोठ्या स्वाऱ्या घडल्या. तंजावरच्या राजेंद्र चोळाचे आरमार बंगालचा उपसागर ओलांडून सुमात्रा आणि मलाया द्वीपकल्पावर चालून गेले, तर गझनीच्या सुलतान महमूदाने थरचे वाळवंट पार करून सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील सोमनाथ लुटले. पहिल्या घटनेकडे सागरी पराक्रम म्हणून आणि दुसरीकडे मंदिराचा विध्वंस म्हणून पाहण्याची रीत पडल्यामुळे त्या सहसा एकत्र मांडल्या जात नाहीत. मात्र चोळांनी जिंकलेले मलाया द्वीपकल्पावरील कडारम् असो वा सोमनाथ, दोन्ही ठिकाणे पूर्व आफ्रिकेपासून चीनपर्यंत पसरलेल्या एकाच व्यापारमार्गावरची बंदरे होती आणि त्यांच्या वैभवात या मार्गाचा मोठा वाटा होता.

दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा व्यापार वेगाने वाढला होता. चीनमधील सुंग घराण्याने जकातीच्या उत्पन्नासाठी परदेशी व्यापाऱ्यांना उत्तेजन दिले, तर फातिमी खलिफांनी इ. स. 969 मध्ये इजिप्त जिंकल्यानंतर तांबड्या समुद्रातून होणारी वाहतूक वाढीस लागली. मोसमी वारे ठरावीक महिन्यांतच अनुकूल वाहत असल्याने जहाजांना वाऱ्याची दिशा पालटेपर्यंत वाटेत मुक्काम करावा लागे. त्यामुळे माल उतरवून घेणारी आणि पुढे पाठवणारी मधली बंदरे श्रीमंत झाली. सुमात्रातील श्रीविजय या राज्याचे सामर्थ्य मलाक्काच्या सामुद्रधुनीतील अशाच बंदरांवर उभे होते.

चोळ आणि श्रीविजय यांचे संबंध आरंभी सलोख्याचे होते. श्रीविजयाच्या राजांनी नागपट्टणम् येथे बौद्ध विहार बांधला, तेव्हा राजेंद्राचा पिता राजराज याने त्याच्या खर्चासाठी आनैमंगलम् हे गाव लावून दिले. पुढे चोळांनीही आपले शिष्टमंडळ चीनच्या दरबारी पाठवले आणि सामुद्रधुनीवरील श्रीविजयाची पकड त्यांच्या व्यापाराला जाचक ठरू लागली, असे अनेक इतिहासकार मानतात. इ. स. 1025 च्या मोहिमेचा वृत्तान्त तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावरील तमिळ लेखात आला आहे. तमिळ लेखात श्रीविजय, मलैयूर, इलंगाशोक, माणक्कवारम् म्हणजे निकोबार, आणि कडारम् म्हणजे आजचे मलेशियातील केडाह, अशी स्थळांची यादी असून राजा संग्रामविजयोत्तुंगवर्मन याला पकडल्याचा आणि ‘विद्याधर तोरण’ नावाचे रत्नजडित महाद्वार हस्तगत केल्याचा उल्लेख आहे. एवढे होऊनही चोळांनी तेथे कायमची सत्ता बसवली नाही.

महमूद ऑक्टोबर 1025 मध्ये गझनीहून निघाला. मुलतानपासून पुढची वाट निर्जळ वाळवंटातून जात असल्यामुळे पाण्यासाठी उंटांचे मोठे तांडे बरोबर घ्यावे लागले. गुजरातमधील अणहिलवाडचा चालुक्य राजा भीमदेव कच्छमधील कंथकोट किल्ल्याकडे निघून गेला आणि जानेवारी 1026 मध्ये सोमनाथ पडले. महमूदाचा समकालीन विद्वान अल्-बिरूनी याने सोमनाथच्या कीर्तीची दोन कारणे दिली आहेत. भरतीचे पाणी शिवलिंगाला स्नान घालते अशी भाविकांची श्रद्धा होती, तेथे रोज गंगेचे पाणी आणि काश्मीरची फुले आणली जात, हे एक. आणि आफ्रिकेतील सोफाला ते चीन अशी ये-जा करणाऱ्या दर्यावर्दींचे ते विश्रांतिस्थान होते, हे दुसरे. महमूदानेही गुजरात आपल्या राज्याला जोडला नाही. लूट घेऊन तो कच्छ-सिंधच्या मार्गाने परतला.

या दोन रणभूमींच्या मध्ये कोकणचा किनारा होता आणि तोही शांत नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा दुसरा जयसिंह याने इ. स. 1024 च्या मिरज ताम्रपटात सप्तकोकणच्या अधिपतींचे सर्वस्व हिरावून घेतल्याचा दावा केला असून, तो ताम्रपट दिला तेव्हा त्याची छावणी कोल्हापूरजवळ पडली होती. उत्तर कोकणात ठाण्याच्या परिसरावर शिलाहार छित्तराजाचा अंमल होता. सोमनाथची लूट झाली त्याच वर्षी, इ. स. 1026 मध्ये, त्याने साष्टीतील एक शेत दान दिल्याचा ताम्रपट भांडुपला सापडला आहे. गोव्याच्या कदंबांच्या एका ताम्रपटात तर त्यांचा पूर्वज गुहल्लदेव सोमनाथाच्या यात्रेस समुद्रमार्गे निघाला असता डोलकाठी मोडल्याने त्याला गोव्याच्या बंदराचा आसरा घ्यावा लागला आणि तेथे एका मुसलमान व्यापाऱ्याने त्याला साहाय्य केले, असा वृत्तान्त आहे.

 

दोन्ही विजेत्यांनी बंदरांची संपत्ती नेली, पण ती निर्माण करणारी यंत्रणा त्यांच्या हाती आली नाही. सुमात्रातील बारूस येथे मिळालेला इ. स. 1088 चा तमिळ लेख ‘ऐन्नूर्रुवर’ म्हणजे ‘पाचशे’ या नावाच्या व्यापारी श्रेणीचा, अर्थात व्यापाऱ्यांच्या संघटनेचा आहे, आणि इ. स. 1264 मध्ये सोमनाथ येथे होर्मुझच्या एका नाखव्याने स्थानिक प्रतिष्ठितांच्या संमतीने मशीद बांधल्याचे वेरावळच्या शिलालेखावरून कळते. शके 947 च्या लढायांनी राजांना बिरुदे आणि खजिने मिळवून दिले. समुद्रावरचे व्यवहार मात्र व्यापाऱ्यांच्या संघटना, त्यांची परस्परांवरील पत आणि मोसमी वारे यांच्या आधारे चालू राहिले.