रोजावरून नगावर

सकाळी ६.४०. मुरूडहून लातूरकडे येणारा रस्ता. सोमवार, २९ सप्टेंबर २०२५. गुरुवारी दसरा. मिस्त्रींची मोटारसायकल खड्डे चुकवत चालली आहे. दोन्ही बाजूंना सोयाबीन उभं आहे, पण पाण्यात. खालच्या शेंगा काळ्या पडल्यात. मिस्त्री मळणी यंत्रं बांधतात. वय ५२. त्यातली २६ वर्षं एकाच कारखान्यात गेली. सोयाबीन कधी वाळणार, यावर त्यांची दिवाळी ठरते. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर होतात. पेट्रोल रोजचं ८५ रुपये. मजुरीचा रोज ८०० रुपये.

सकाळी ८.००. बार्शी रोडवरची एमआयडीसी. शटर वर जातं. हजेरीपत्रकात आज तेरा नावं आहेत. जुलैपर्यंत बावीस होती. दुसरी पाळी ऑगस्टमध्ये बंद झाली, तेव्हा वेल्डिंगची पोरं पुण्याला निघून गेली. आवारात ताडपत्रीखाली नऊ मशीन उभी आहेत. रंग झालाय, नंबर प्लेट लागलीय, फक्त गिऱ्हाईक नाही. मिस्त्री एका ताडपत्रीवर साचलेलं पाणी काठीनं ढकलतात. ‘बेअरिंगला गंज चढला तर परत खोलावं लागंल,’ म्हणतात. खोलण्याची मजुरी कोणी देत नाही.

सकाळी ८.३०. ड्रम. मळणी यंत्राचा जीव इथे असतो. शाफ्ट, त्यावर चकत्या, चकत्यांवर पट्ट्या, पट्ट्यांवर दाते. मिस्त्री गुण्या लावून एकेक दाता सरळ करतात आणि मदतनीस टॅक मारतो. ३.१५ चा रॉड. पूर्ण वेल्डिंग झालं की ड्रम दोन अँगलच्या धारेवर ठेवायचा आणि हातानं हलकेच फिरवायचा. जड बाजू खाली येऊन थांबते. मग वरच्या बाजूला पट्टीचा तुकडा जोडायचा. परत फिरवायचा. ड्रम कुठेही सोडला तरी जिथल्या तिथे थांबला पाहिजे. हे चार-पाच वेळा होतं. कोणी घड्याळ बघत नाही. तोल काढायचा राहिला तर मशीन शेतात नाचतं, बोल्ट सुटतात, बेअरिंग जातं. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे देतो. सोयाबीनला ड्रम चारशे-पाचशेवर चालवायचा. त्यापुढे गेलं की दाणा फुटतो आणि बियाणं वाया जातं. पुली त्या हिशेबानं निवडायची.

सकाळी १०.१५. चहा. मालकांना सगळे ‘दादा’ म्हणतात. त्यांच्या वडिलांच्या हाताखाली मिस्त्री लागले होते. हिशेब ताई बघतात. त्या चहा घेता घेता मिस्त्रींना कागदावर मांडून दाखवतात. मशीन तीन लाखांचं. त्यात पत्रा, अँगल, बेअरिंग, बेल्ट धरून माल दोन लाखांचा. मालावर जीएसटी १८ टक्के, म्हणजे ३६ हजार आधीच गेले. मशीन विकताना १२ टक्के लागायचे, तेही ३६ हजार. हिशेब बरोबर मिटायचा. घटस्थापनेला, २२ तारखेला, मशीनवरचा कर ५ टक्के झाला. आता गिऱ्हाईकाकडून १५ हजार येणार. वरचे २१ हजार सरकारकडून परत मागायचे. अर्ज करायचा आणि वाट बघायची.

‘मग मशीन स्वस्त झालं की,’ मिस्त्री म्हणतात.

‘गिऱ्हाईकाला झालं. तीन लाख छत्तीसचं तीन लाख पंधरा. पण कर कमी होणार, असं पंधरा ऑगस्टला भाषणात ऐकल्यापासून तो थांबला होता. आता घ्यायला आला, तर पाऊस.’ ताई आवारातल्या नऊ मशीनचा गुणाकार करतात. अडकलेले १ लाख ८९ हजार.

सकाळी ११.३०. प्लाझ्मा कटिंग मशीन बघायला सोलापूरहून माणूस आलाय. २०२२ मध्ये कर्ज काढून सोळा लाखांना घेतलेलं. संगणकावर नकाशा टाकला की पत्रा आपोआप कापला जातो. घेतलं तेव्हा वर्षाला दीडशे यंत्रांचा अंदाज होता. साठच्या वर कधी गेलं नाही. बघायला आलेला माणूस नोझल काढून बघतो, पटरीवर बोट फिरवतो, एक पट्टी कापून घेतो. कडेला राहिलेला मळ नखानं खरवडतो. ‘सात.’ दादा म्हणतात, ‘नऊ.’ दोघंही आणखी चहा नको म्हणतात. ‘पत्रा मग कुठं कापायचा?’ मिस्त्री हळूच विचारतात. ‘बाहेर. जॉबवर. पलीकडच्या प्लॉटवाल्याकडं,’ दादा सांगतात.

दुपारी १.००. जेवण. मिस्त्रींच्या डब्यात भाकरी, शेपूची भाजी, ठेचा. मदतनीस नवरात्र धरतो. त्याच्याकडे भगर आहे. नऊ दिवस अनवाणी राहण्याचा नेम, पण इथे जमिनीवर लोखंडाचा कीस असतो. गेटच्या आत बूट, बाहेर अनवाणी, असं त्यानं देवीशी ठरवून घेतलंय. वेल्डिंगच्या हातमोज्यांचा जोड साठ रुपयांना मिळतो. या महिन्यापासून जुना जोड दाखवल्याशिवाय नवा मिळत नाही. मदतनीस मोज्याचं फाटलेलं बोट तारेनं शिवतो.

दुपारी २.००. दादांनी कागद आणलाय. पाच मॉडेलपैकी दोनच ठेवायची: एक मोठं हडंबा मळणी यंत्र, एक लहान. पुली तीनच मापांच्या. चाळणीच्या पेटीचा पत्रा तीन मिलीमीटरऐवजी दोनचा. मिस्त्री पहिल्या दोन गोष्टींना मान डोलावतात. तिसऱ्याला थांबतात. ‘दादा, पेटी सारखी हलती. दोनचा पत्रा दुसऱ्या हंगामात कोपऱ्यातून चिरतो. दुरुस्ती आपल्याच दारात येती.’ दादा विचारतात, माल सोडायची पन्हळ आखूड केली तर? मिस्त्री टेप काढतात. नव्वद सेंटिमीटर लांब आणि त्यातली आतली पंचेचाळीस वरून झाकलेली, हे माप ठरलेलं आहे. हात ड्रमपर्यंत पोचू नये म्हणून. त्यासाठी १९८३ चा कायदा आहे. ‘झाकण काढून द्या, माल पटापट जातो, असं गिऱ्हाईकच म्हणतं. मी देत नाही.’ दादा कागदावरची ओळ खोडतात. पेटीचा पत्रा अडीचवर ठरतो. वाचले किती, ते ताई नंतर काढणार आहेत.

दुपारी ३.१५. बँकेचे अधिकारी. उद्या सहामाही संपते. ते स्टॉक स्टेटमेंट हातात धरून मशीन मोजतात. नऊ. पत्र्याच्या थप्प्या मोजतात. भंगार वेगळं काढायला सांगतात. दोन हप्ते थकलेत. नव्वद दिवस झाले की खातं अनुत्पादक होतं. कर्ज २८ लाख, छत्तीस महिने राहिलेत, हप्ता ९२ हजार. दादांना मुदत साठ महिन्यांची करून हवी आहे. हप्ता ६१ हजारांवर येईल. अधिकारी सरळ सांगतात, अडचणीत आहे म्हणून मुदत वाढवली तर खातं त्याच दिवशी खालच्या वर्गात जातं. मग कॅश क्रेडिटची उचल अवघड. पत्रा कशानं आणणार? प्लाझ्मा विका. पैसे थेट कर्जात भरा. आम्ही ना-हरकत देऊ. दादा तिथल्या तिथे सोलापूरला फोन लावतात. आठवर ठरतं. राहिले वीस लाख. हप्ता साडेपासष्ट हजार. आठातून थकीत आधी वळते होणार का, यावर दोघं पुन्हा बसतात.

दुपारी ४.४५. ट्रॅक्टरमागे एक जुनं हडंबा येतं. औशाकडचं. बारा वर्षांपूर्वी मिस्त्रींनीच बांधलेलं. दाते झिजून निम्मे झालेत, एक चाळणी फाटलीय. ‘यंदा हार्वेस्टर रानात शिरंना, मामा,’ ट्रॅक्टरवाला सांगतो. ‘चाकं रुततात. लोकांनी विळ्यानं कापून ढीग लावलेत. ऊन पडलं की सगळे एकदम मळणीला पळणार. नवं घ्यायला पैसा नाही. हेच चालू करून द्या.’ मिस्त्री ड्रमवरून हात फिरवतात. एका बाजूचे दाते जास्त झिजलेत. माल नेहमी एकाच कडेनं टाकला जातो, हे त्यांना न विचारता कळतं. अशी दुरुस्तीची सहा मशीन आता मागच्या बाजूला उभी आहेत. उद्यापासून दुरुस्तीला वेगळी जागा होणार आहे. प्लाझ्माची जागा रिकामी होतेच आहे.

संध्याकाळी ६.००. दादा मिस्त्रींना ऑफिसात बोलावतात. दार लावत नाहीत. ‘मिस्त्री, तुम्हाला काढायचा प्रश्नच नाही. पण रोजावर परवडत नाही. नगावर या. मशीनमागं चोवीसशे.’

मिस्त्री खुर्चीवर बसत नाहीत. मनातल्या मनात हिशेब सुरू आहे. एका मशीनला त्यांचे तीन दिवस लागतात. चोवीसशेच होतात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर २०,८००, आजच्याइतकेच. त्यासाठी महिन्याला जवळपास नऊ मशीन लागतील. फळ्यावर ऑर्डरी चार आहेत.

‘पत्रा बाहेरून कापून येणार. तो दोन दिवस उशिरा आला तर मी बसून. तो दिवस कोणाचा?’

दादा पेन फिरवत राहतात. मग म्हणतात, ‘माल नसेल त्या दिवशी अर्धा रोज.’

‘लिहून ठेवा. आणि दुरुस्तीचा ड्रम?’

‘सहाशे.’

‘साडेसातशे. जुन्याचा तोल काढायला नव्यापेक्षा वेळ जातो.’

सातशेवर मिटतं. ताई वहीत तीन ओळी लिहितात. मिस्त्री सही करतात. खाली तारीख घाला, असंही सांगतात. पीएफ सुरू राहील का, हे विचारायचं राहिलं होतं. ते दारातून परत येऊन विचारतात. राहील.

संध्याकाळी ७.०५. चार मशीनचे ९,६००. उरलेल्या ११,२०० साठी सोळा ड्रम लागतात. आवारात सहा आहेत. मिस्त्री हात धुतात, साबणाबरोबर मूठभर भुसा घेऊन ग्रीस काढतात. मग गेटजवळच्या बाकावर बसून खिशातली जुनी डायरी उघडतात. तिच्यात गिऱ्हाइकांचे नंबर आहेत, गावाप्रमाणे लावलेले. पहिला फोन निलंग्याला.

‘रामराम पाटील. मळणी मशीनवाला मिस्त्री बोलतोय, लातूरहून. पाऊस थांबला का तिकडं? बरं, एक विचारायचं होतं. तुमच्या ड्रमचे दाते कसे आहेत?’