हजयात्रेतील सामायिक संसार

हजयात्रेचे मुख्य विधी मोजक्या दिवसांत आटोपतात. जिल्हज महिन्याच्या ८ तारखेस यात्रेकरू मीनेकडे निघतो, ९ तारखेस अराफातच्या मैदानात उभा राहतो, रात्र मुझदलिफात उघड्यावर काढतो आणि १२ किंवा १३ तारखेस मीनेहून परततो. हज समितीमार्फत जाणारा भारतीय यात्रेकरू मात्र पूर्वापार सुमारे चाळीस दिवस घराबाहेर राहत आला आहे. उरलेले दिवस तो कसे काढतो? मक्केतील एका खोलीत, अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्या माणसांच्या सोबतीने! तेथील झोप, जेवण, औषधपाणी आणि शेजाऱ्याशी असलेले संबंध यांवरच पुढील पाच दिवसांचे सामर्थ्य अवलंबून असते. यात्रापूर्व शिबिरांचा भर साहजिकच विधींवर असतो. या सामायिक संसाराकडेही तितकेच गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे.

बोटीने यात्रा होत असे त्या काळी ही शिकवण प्रवासातच मिळे. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात बोटीची वाट पाहताना ओळखी होत आणि जेद्दा येईपर्यंत त्या पक्क्या होत. १९९५ नंतर समुद्रमार्ग बंद झाला. आता काही तासांत विमान जेद्दा किंवा मदिनेस पोहोचते आणि परस्परांचे नावही ठाऊक नसलेली माणसे एका खोलीत सामान टाकतात. कोकणातील कुटुंबास भात आणि मासळी हवी, मराठवाड्यातील शेतकऱ्यास भाकरी, मुंबईकरास पावाचा नाश्ता. एकास पंख्याचा वारा सोसत नाही, दुसऱ्यास वातानुकूलन यंत्राविना झोप येत नाही. भांडणे पेटतात ती अशाच क्षुल्लक कारणांवरून. हजच्या काळात वितंडवाद करू नये, अशी कुराणाची स्पष्ट आज्ञा आहे. ती पाळायची तर केवळ सद्भावना पुरत नाही. आगाऊ ठरविलेली व्यवस्था लागते.

पहिला नियम पैशाचा. खोलीतील मंडळींनी पहिल्याच दिवशी एक सामायिक निधी उभारावा आणि तो एकाच्या हाती सोपवावा. चहा, दूध, पाणी, फळे यांचा खर्च त्यातून करावा आणि हिशेब वहीत रोज लिहून रात्री वाचून दाखवावा. कोणास वेगळे काही हवे असल्यास त्याने ते स्वतःच्या पैशाने आणावे. वृद्ध आणि निरक्षर सोबत्याच्या रियालांचा हिशेब ज्यास लिहिता येते त्याने ठेवावा; या कामाची योग्यता उपासनेहून कमी मानू नये.

दुसरा नियम जागेचा. स्नानगृहाजवळची खाट वयोवृद्धास द्यावी. नमाजापूर्वी वजूसाठी एकच गर्दी उसळते. तेव्हा पाळ्या ठरवाव्यात. इहराम असताना सुगंधी साबण वर्ज्य असल्याने बिनवासाचा साबण खोलीत ठेवावा. कपडे वाळविण्याची जागा, दिवे मालविण्याची वेळ, दूरध्वनीवर मोठ्याने बोलण्याची मर्यादा या गोष्टी बोलून ठरविल्या म्हणजे मनात साचत नाहीत.

अलीकडे पुरुष आणि स्त्रियांची सोय वेगवेगळ्या खोल्यांत करण्याकडे कल आहे. त्याचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. जन्मभर पतीच्या गोळ्यांची वेळ पत्नीने सांभाळलेली असते. कागदपत्रे मात्र पतीच्या पिशवीत असतात. खोल्या वेगळ्या झाल्या की दोघेही अडतात. म्हणून घरूनच दोघांच्या दोन स्वतंत्र पिशव्या कराव्यात. प्रत्येकीत औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, पारपत्राची प्रत, इमारतीचा क्रमांक आणि थोडे पैसे असावेत. पतीला कोणती गोळी केव्हा घ्यावयाची, हे निघण्यापूर्वी महिनाभर स्वतः घेऊन पाहू द्यावे.

आता जेवणाविषयी. खोलीवर स्वयंपाक करण्याची मुभा वर्षागणिक आणि इमारतीगणिक बदलत आली आहे. मागच्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबून शेगडी व भांडी नेऊ नयेत. त्या वर्षीचा नियम हज समितीकडून जाणून घ्यावा. या निर्बंधांमागे कारण आहे. १५ एप्रिल १९९७ रोजी मीनेतील तंबूंना आग लागून तीनशेहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे अग्निरोधक तंबू आले आणि तंबूत गॅस पेटविण्यास बंदी झाली. तेव्हा चोरून शेगडी पेटविणे हा चलाखपणा नव्हे, तो शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

तयार जेवण घ्यावयाचे असेल तर मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी आपली गरज पहिल्याच दिवशी सांगावी. सोबत भाजलेले पीठ, चिवडा, कोरडी चटणी असे टिकाऊ पदार्थ असावेत. मात्र खसखस कोणत्याही रूपात नेऊ नये. सौदी कायदा तिला अमली पदार्थांत गणतो. लाडवात किंवा घरगुती मसाल्यात नकळत पडलेली खसखसही यात्रेकरूस संकटात टाकू शकते. जेवण एकत्र, एकाच दस्तरखानावर व्हावे. त्याचा लाभ केवळ स्नेहाचा नाही. कोण जेवायला आला नाही, कोणाचे अन्न उतरत नाही, हे अशा वेळीच कळते. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला आणि तेराशेहून अधिक यात्रेकरू दगावले. अशा उन्हात उपाशी आणि तहानलेल्या वृद्धाची पहिली दखल घेणारा डॉक्टर नसतो, खोलीतला सोबती असतो.

सामायिक निवासाची परंपरा जुनीच आहे. हैदराबादच्या निजामांच्या रुबातीत मक्केस जुन्या हैदराबाद संस्थानातील यात्रेकरूंची विनामूल्य सोय होत आली असून मराठवाड्यातील जिल्हेही तिचे हक्कदार आहेत. शिदोरीचे महत्त्वही तितकेच जुने. येमेनचे लोक ईश्वरावर भरवसा ठेवतो असे म्हणत रिकाम्या हाताने हजला येत आणि मक्केत याचना करीत; त्यांना उद्देशून शिदोरी घेऊन निघण्याची आज्ञा झाली, असे हदीस सांगते. भक्ती ही बेफिकिरीची सबब होऊ शकत नाही, हाच त्याचा अर्थ.

म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतील सेवाभावी संस्थांनी एक साधे काम हाती घ्यावे. एकाच विमानाने निघणाऱ्या यात्रेकरूंची प्रस्थानापूर्वी गाठ घालून द्यावी, आजार आणि आहार यांची नोंद करावी आणि खोलीचे नियम सोप्या मराठीत छापून हाती द्यावेत. गावातील शिक्षक व विद्यार्थी हे काम चार संध्याकाळी पार पाडू शकतील. आयुष्यभराची पुंजी खर्चून निघालेल्या वृद्धाची यात्रा स्नानगृहाच्या पाळीवरून किंवा दुधाच्या हिशेबावरून कडू होऊ नये, यासाठी एवढे श्रम फार नव्हेत.