नदीची वाकडी चाल

काचेच्या पेल्यात पाणी घ्या, भिजून जड झालेली चहाची पूड त्यात टाका आणि चमच्याने गरगर ढवळा. (आपला दुधाचा चहा इथे कामाचा नाही, तळ दिसायला हवा.) पूड कडेला फेकली जाईल असं वाटतं, पण ती तळाशी मधोमध गोळा होते! १९२६ साली आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी या पेल्यातूनच नदीचं वळण उलगडून दाखवलं. तळाला घासून पाणी मंदावतं, त्याचा बाहेर जाण्याचा जोर ओसरतो. मग वरचं पाणी कडेकडे सरकतं, खाली उतरतं आणि पूड ओढत तळातून मध्याकडे परततं.

वळणावर नदी हेच करते. वेगवान पाणी बाहेरचा काठ पोखरतं, दरड कोसळते, डोह खोलावतो. तळाचा प्रवाह वाळू आतल्या काठाकडे नेतो, तिथे पुळण साठते. म्हणजे वळणच वळणाला वाढवतं. सुरुवातीला आडवं पडलेलं एखादं झाडही पुरतं. आणि गंमत अशी की ओहोळ असो वा अमेरिकेतली मिसिसिपी, एका पूर्ण नागमोडीची लांबी साधारण पात्राच्या रुंदीच्या १० ते १४ पट भरते.

वळण फुगत गेलं की त्याची मान, म्हणजे दोन टोकांमधली जमिनीची पट्टी, बारीक होते. अमेरिकन यादवी युद्धात, १८६३ साली, जनरल ग्रँट यांच्या सैन्याने मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्ग शहरासमोरची अशी मान कालवा खणून तोडायचा घाट घातला. शहरातल्या शत्रूच्या तोफा चुकवून जहाजं न्यायची होती. मिसिसिपीने दाद दिली नाही. १८७६ साली मात्र तिने आपणहून ती मान कापली आणि व्हिक्सबर्गचं बंदर मुख्य धारेपासून तुटलं.

अशा नदीची लांबी मोजायची तर नकाशावर पात्राच्या मध्यरेषेवरून दोरा अंथरायचा किंवा कर्कटकाची पावलं टाकत जायचं. आता उपग्रहचित्रांवर संगणक तेच करतो. पाच किलोमीटरचं पाऊल लहान वळणं गिळून टाकतं, अर्ध्या किलोमीटरचं ती पकडतं, आणि तीच नदी लांब भरते. ही लांबी दरीच्या सरळ अंतराच्या दीडपट किंवा जास्त आली, की नदीला नागमोडी म्हणतात. मिसिसिपीबद्दल अमेरिकेच्या सरकारी संस्थांचेही आकडे जुळत नाहीत: कुणी ३,७०० किलोमीटर सांगतं, कुणी ३,७८०. मोजणी कोणत्या साली आणि किती बारीक पावलाने झाली, यावर बरंच ठरतं. व्हिक्सबर्गच्या त्या एका घावानेच नदी काही किलोमीटर तोकडी झाली होती.