भाकरी शिजते, पण भाजते का?

करमाळा हा सोलापूर जिल्ह्यातला रब्बी ज्वारीचा तालुका. इथल्या मुलांना भाकरी नवी नाही, आणि आता काही घरांत मायक्रोवेव्ह भट्टीही आली आहे. समजा, वर्गात एखादीनं विचारलं, "बाई, मायक्रोवेव्हमध्ये भाकरी भाजता येईल?" आपण काय सांगू?

आधी तव्याकडे पाहू. ज्वारीत ग्लूटेन नसतं, म्हणून पीठ बांधलं जावं यासाठी आपण गरम पाणी वापरतो. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, चिकट होतो. तव्यावर हीच क्रिया पूर्ण होते, म्हणजे भाकरी शिजते. पण तव्याला टेकलेला भाग लवकर कोरडा होतो आणि त्याचं तापमान १०० अंशांच्या बरंच वर जातं. सुमारे १४० अंशांच्या पुढे पिठातली काही साखर आणि प्रथिनांमधली अमिनो आम्लं यांच्यात झपाट्यानं अभिक्रिया होते. त्यातून तांबूस रंग आणि खरपूस वास देणारी अनेक संयुगं तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं.

मायक्रोवेव्ह भट्टीत काय होतं? तिथल्या लहरींचं विद्युत क्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तनं करतं. पाण्याचे रेणू त्याप्रमाणे वळू पाहतात, एकमेकांना ढकलतात आणि पदार्थ तापतो. भट्टीतली हवा मात्र फारशी तापत नाही. आतली वाफ बाहेर येताना पृष्ठभाग ओला ठेवते. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. म्हणून भाकरी शिजते, पण पांढरीच राहते. जास्त वेळ ठेवली, तर पाणी उडून ती चिवट होते. पाव आणि केक यांचंही असंच होतं.

"या लहरींनी अन्न विषारी होतं का?" हा प्रश्नही येईल. रासायनिक बंध तोडायला जितकी ऊर्जा लागते, तिच्या लाखाव्या भागाहूनही कमी ऊर्जा या लहरींच्या एका कणात असते. इथे जे बदल होतात, ते उष्णतेमुळे.

मग खरपूसपणा चांगला की वाईट? ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल मुळातच कमी असतं, आणि मेयार अभिक्रियेत तेच सहज अडकतं. अडकलेलं लायसिन शरीराला वापरता येत नाही. शिवाय जास्त तापलेल्या पिठूळ पदार्थांत अॅक्रिलामाइड तयार होतं, हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं. म्हणून चार तांबूस डागांना भिण्याचं कारण नाही, पण काळी करपलेली भाकरी टाळावी. आणि भाकरीबरोबर डाळ, उसळ किंवा ताक असावं. त्यांतून लायसिन मिळतं. ज्या मुलांचं जेवण मुख्यतः भाकरीचं, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं.

शाळेत मायक्रोवेव्ह नसली तरी प्रयोग करता येतो. एकाच पिठाचे दोन सारखे पातळ तुकडे थापा. एक चाळणीत ठेवून वाफेवर उकडा, दुसरा तव्यावर भाजा. वाफ १०० अंशांवर थांबते, म्हणून मायक्रोवेव्हसारखीच मर्यादा इथेही येते. रंग, वास, चव यांची नोंद मुलांनाच करू द्या. उकडलेला तुकडा आणखी अर्धा तास वाफेवर ठेवला तर तो तांबूस होईल का, हे मात्र आधी विचारा आणि मग करून पाहा.