पानावर पान, सिगारचं पुराण
सिगारच्या चाहत्यांना त्यात कॉफी, कोको, अगदी चामड्याचाही वास येतो. पण माहीत आहे का, अस्सल क्युबन सिगारमध्ये यातलं काहीही घातलेलं नसतं? सगळी करामत फर्मेंटेशनची! वाळलेली पानं थप्पी लावून ठेवली की आतून तापतात, अमोनिया निघून जातो आणि उग्रपणा उतरतो.

गडद सिगार म्हणजे स्ट्राँग? चूक! रंग दिसतो तो फक्त बाहेरच्या पानाचा. ताकद ठरते पोटातल्या पानांवर. झाडाच्या शेंड्याची पानं भरपूर ऊन खातात, म्हणून सर्वांत कडक. मधली सुगंधाची, तळातली नीट जळण्यासाठी. एकच झाड, तीन मजले, तीन स्वभाव!

क्वालिटी कशी ओळखायची? राखेकडे बघा. आत अख्खी लांब पानं असतील तर राख बराच वेळ टिकून राहते. चुरा भरला असेल तर भसाभस गळते.

क्युबन तरुणी मांडीवर सिगार वळतात, हे ऐकलंय? शुद्ध थाप! लागते फक्त लाकडी फळी, ‘चावेता’ नावाचं गोलसर पातं आणि कसलेला हात.

आता माझा सगळ्यात लाडका किस्सा. 1865 साली हवानातल्या ‘एल फिगारो’ कारखान्यात एक नवीच नोकरी सुरू झाली: वाचकाची! कामगार पानं वळायचे, हा पानं उलटायचा. वर्तमानपत्र, मग कादंबरी, तीही खणखणीत आवाजात. पगार कोण देणार? कामगारच, आपापल्या मजुरीतून! लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनीही अशी ड्यूमा आणि शेक्सपिअरशी दोस्ती केली. 1935 साली आलेल्या ‘मोन्तेक्रिस्तो’ ब्रँडचं नाव ड्यूमाच्या कादंबरीवरूनच पडलं. ऐकून शहाणे झालेले कामगार हक्क मागू लागले, तशी सत्तेला धडकी भरली आणि पहिलं वाचन झाल्यापासून वर्षभरातच त्यावर बंदी आली. पण ही प्रथा पुन्हा उभी राहिली, फ्लोरिडापर्यंत पोचली आणि क्युबात आजही जिवंत आहे. याला म्हणतात ऑडिओबुक!

साठवणीचं काय? साधारण 70 टक्के आर्द्रता आणि 20 अंशांच्या आसपास तापमान. त्यासाठी ह्युमिडॉर नावाची खास पेटी असते, आतून ‘स्पॅनिश सीडर’ लाकडाची. आणि गंमत ऐका, हे झाड ना स्पॅनिश, ना देवदार! ते आहे मूळचं अमेरिका खंडातलं आणि कुळ थेट आपल्या कडुनिंबाचं!

तरीही एक शत्रू उरतोच: तंबाखूचा भुंगेरा. हा इवलासा तपकिरी किडा उबदार, दमट हवेत सिगारला आरपार भोकं पाडतो. ओळखीचा वाटतोय? वाटणारच, आपल्या हळदीच्या आणि तिखटाच्या डब्यातही हाच शिरतो! त्याची अंडी मारायला सिगार चक्क फ्रीझ करतात.

फेब्रुवारी 1962. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी आपल्या प्रेस सेक्रेटरी पिअर सॅलिंजरला म्हणाले, उद्या सकाळपर्यंत हजारेक क्युबन सिगार हवेत. त्याने 1,200 जमवले. आकडा कानावर पडताच केनेडींनी क्युबाच्या मालावर बंदी घालणाऱ्या कागदावर सही ठोकली. टायमिंग म्हणजे टायमिंग!

धूर छातीत ओढत नाहीत, मग सिगार सेफ? अजिबात नाही! निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. दिवसाला वीसेक सिगार ओढणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडला 1923 मध्ये तोंडाचा कॅन्सर निघाला. पुढच्या 16 वर्षांत 30 हून जास्त शस्त्रक्रिया! म्हणून हे सगळं वाचा, चघळा, मित्रांना सांगा. पेटवू मात्र नका.

आणि रेकॉर्ड? 2016 मध्ये क्युबाच्या होजे कास्तेलारने तब्बल 90 मीटर लांब सिगार वळला, फिडेल कॅस्ट्रोच्या नव्वदाव्या वाढदिवसासाठी. माहीत आहे का, बर्थडे बॉयने सिगार कधी सोडला होता? 1985 मध्येच!