उजवा प्रकाश, डावा प्रकाश

आमच्या मालगुंडच्या पुळणीवर सापडणारे बहुतेक शंख एकाच अंगाला वळलेले असतात. उलट वळणाचा शंख विरळा, म्हणून त्याचे मोल मोठे. गणपतीची मूर्ती आणतानाही सोंड उजवी की डावी, हे आपण पाहून घेतो. प्रकाशालाही असाच उजवा-डावा भेद असतो. तो मात्र आपल्या डोळ्यांना ओळखता येत नाही.

प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे. पुढे जाताना तिचे विद्युतक्षेत्र मळसूत्रासारखे फिरत गेले, की त्या प्रकाशाला वर्तुळ-ध्रुवित म्हणतात. त्रिमितीय चित्रपटांच्या अनेक चष्म्यांत हाच भेद वापरतात. एका डोळ्याला उजवा प्रकाश मिळतो, दुसऱ्याला डावा. म्हणून मान कलली तरी चित्र बिघडत नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातले सिलिकॉन या बाबतीत आपल्याइतकेच आंधळे. त्याच्या स्फटिकरचनेला डावे-उजवे नाही, त्यामुळे दोन्ही प्रकाशांनी त्यात सारखाच विद्युतप्रवाह निर्माण होतो. उपाय म्हणून त्याच्यापुढे चतुर्थांश-तरंग पट्टिका आणि ध्रुवक बसवतात. पट्टिका फिरत्या लहरीला एका रेषेत आणते. ध्रुवक एका रेषेतली लहर सोडतो, दुसरी अडवतो. पण उपकरण जाड होते आणि अडवलेला प्रकाश वाया जातो. मॅन्टिस श्रिम्प या सागरी जिवाच्या एका जातीत डोळ्यातली पेशीच पट्टिकेचे काम करते, हे २००८ साली प्रसिद्ध झाले.

दुसरा मार्ग म्हणजे अर्धवाहकच वळणाचा घ्यायचा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील संशोधकांनी २०१३ मध्ये हेलिसीनचा ट्रान्झिस्टर केला. हेलिसीनचा रेणू गोल जिन्यासारखा असतो. जिना उजवा की डावा, यावर तो ट्रान्झिस्टर कोणत्या प्रकाशाला प्रतिसाद देणार हे ठरले. पुढे कायरल पेरोव्स्काइटांचेही असे शोधक तयार झाले.

खरी अडचण मापाची आहे. रेणूचे वळण साधारण एका नॅनोमीटरचे, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. एवढ्या लांब लहरीला एवढे छोटे वळण जेमतेम जाणवते. म्हणून अनेक रेणू मिळून मोठा पीळ पडेल, अशी त्यांची रचना करण्याकडे आता कल आहे.

या खटाटोपाचे मोल मला एका गोष्टीत दिसते. सजीवांचे अनेक रेणू एकाच हाताचे असतात. त्यामुळे हिरव्या पानावरून परतणाऱ्या प्रकाशातही वर्तुळ-ध्रुवणाचा अल्पसा अंश उतरतो. दूरच्या ग्रहावर जीवसृष्टी असलीच, तर तिची खूण याच अंशात शोधता येईल, असे काही शास्त्रज्ञांना वाटते. तो अंश फार क्षीण असणार. डाव्या-उजव्यात चुकणारा शोधक तिथे कामाचा नाही.