सतरा ध्वनी आणि एक छायाचित्र

सिंगापुरात ऋतूच नाहीत, असे आमच्या रविवारच्या मराठी वर्गातील मुले ठासून सांगतात. विषुववृत्ताच्या दीड अंश वर वाढलेल्या मुलांना दोष तरी कसा द्यावा? चैत्र, श्रावण, कार्तिक ही नावे ती घडाघडा म्हणतात. पण खिडकीबाहेरच्या झाडाशी त्यांचा संबंध जुळत नाही. त्यावर आम्ही योजलेला उपाय थोडा आडवाटेचा आहे. हाती कॅमेरा, सोबत जपानी हायकू.

हायकू म्हणजे पाच, सात, पाच अशा सतरा ध्वनींची कविता. तीत ऋतू सुचविणारा एक शब्द असतो, त्यास ‘किगो’ म्हणतात. मासाओका शिकी (१८६७–१९०२) या कवीने ‘शासेई’चा आग्रह धरला: समोर दिसेल तेच टिपावे, उगाच अलंकार चढवू नयेत. छायाचित्रकार तरी दुसरे काय करतो? शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजविला तो तीन ओळींत. अक्षरांच्या मोजदादीचा बाऊ केला नाही. आम्हीही करीत नाही.

आटोपशीरपणा मात्र हवाच. पूर्वी कॅमेऱ्यात छत्तीस चित्रांचा रोल असे, म्हणून बटण दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. आज मोबाइलवर एका फुलाची चाळीस चित्रे निघतात आणि फूल पाहायचेच राहते! म्हणून आमचा नियम: सहलीत प्रत्येकाने तीनच चित्रे काढायची, प्रत्येकाखाली तीन ओळी लिहायच्या, आणि चित्रात दिसते ते ओळींत पुन्हा सांगायचे नाही. जपानी ‘हाइगा’त चित्र आणि कविता अशीच शेजारी नांदतात. आरंभी सगळ्यांनी ‘सुंदर पक्षी’ असेच लिहिले. मग एका मुलीने चिखलातील नुसती पावले टिपली, आणि खाली लिहिले ते आजीच्या रिकाम्या खुर्चीविषयी. वर्ग गप्प झाला.

ती पावले सुंगेई बुलोहच्या पाणथळीतली. १९९३ साली खुल्या झालेल्या या उद्यानाला २००२ मध्ये संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. सप्टेंबर ते मार्च सैबेरियाकडून पाणपक्षी इथे उतरतात. त्यांतला सोनचिखल्या हिवाळ्यात कोकणच्या खाड्यांवरही दिसतो. आपल्या बेटाचा किगो शोधायचा तर हा पहिला.

दुसरा अंगसाना. कोरड्या दिवसांनंतर पाऊस झाला की तो एकाएकी पिवळा होतो आणि फुले दिवसभरातच गळतात. छायाचित्र हवे असेल तर सकाळी लवकर निघावे. झाडूवाले त्याहून लवकर येतात.